धुऱ्याच्या दिवसांत शिकलेली भाषा

वैशाख सरत आला की आमच्या गावातल्या लोहाराच्या भात्याला उसंत नसते. वखराच्या पासेला धार लावून घ्यायला माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात. मध्येच कुणीतरी पासेबरोबर कुऱ्हाडही पुढे सरकवतो आणि कुणी विचारलेलं नसताना सांगतो, "काही नाही, सरपन फोडाचं आहे." लोहार मान वर करत नाही. दोन्ही लोखंडं एकाच विस्तवात जातात. यंदाही गेली. मी पोस्टात चाललो होतो. घणाचा आवाज ऐकून पाय अडखळले आणि तोंडात एक शब्द आला, जो या जिल्ह्यात माझ्याशिवाय बहुधा कुणाला ठाऊक नसेल. हॅतॅ.

फिनलंड नावाच्या देशात अडचणीला, तातडीच्या गरजेला आणि जिवावरच्या प्रसंगाला मिळून हा एकच शब्द आहे. तो मी एका उन्हाळ्यात शिकलो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, मीही शाळामास्तर म्हणून नवाच होतो. त्याच उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ गेला. तो कसा गेला हे सगळ्या गावाला माहीत आहे. का गेला, हे मी वहिनीला बारा वर्षं सांगितलं नव्हतं.

वऱ्हाडात दोन शेतांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात. आखाजीपासून मिरगापर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपासून मृगाच्या पावसापर्यंत, रानं उघडी असतात. पीक नसतं, गवत नसतं, त्यामुळे धुरा हाडासारखा वर आलेला दिसतो. वखर हाकणारा वळणावर बैल जरासे आत दाबतो आणि पास धुऱ्याची चार बोटं माती खरवडून नेते. दुसऱ्या दिवशी शेजारी येतो, वाकून पाहतो, पाऊल लावून मोजतो. तिसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन येतो. मला उन्हाळ्याची सुटी लागायची तेव्हाच हे दिवस यायचे. सुटी म्हटलं की लोकांना आंबे आठवतात. मला टाके आठवतात.

धामणगाव बढ्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर एका परदेशी मिशनचा लहानसा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस एक नर्सबाई एकटीच तो चालवायची. तिचं नाव आयनो. आमच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिची ऐनाबाई केली. उंच, रापलेली, पन्नाशीची, पिंजलेल्या कापसासारख्या केसांची बाई. येताना तिने पुस्तकातून मराठी शिकून आणली होती, पण "आपणांस कोठे वेदना होत आहेत?" असं विचारलं की म्हाताऱ्या बायका घाबरून उठून उभ्या राहत. मग तिने ते पुस्तक ठेवून दिलं आणि रोग्यांकडूनच भाषा उचलली. मी तिच्याकडे जाऊ लागलो तेव्हा ती सहा फुटी माणसाला दटावत होती, "काऊन रडून राह्यला बे? अजून सुई कुठं लावली?"

आमचं ठरलं ते असं. मी तिला ठणका, कळ, सणक, चुरचुर, आग यांतला फरक समजावून सांगायचा आणि तिने बदल्यात तिच्या भाषेतले शब्द मला द्यायचे. मला त्यांचा काही उपयोग नव्हता. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "उपेग माझा आहे, मास्तर. दिवसातून एकडाव कोनी माझ्या भाषेत बोललं पाहिजे. चूक बोललं तरी चालते."

पहिला शब्द 'सात्तूको', म्हणजे दुखतंय का. तो एका माणसाच्या उघड्या पडलेल्या दंडावर शिकलो. बैल हाकायच्या तुतारीचा खिळा आरपार गेला होता. बाई कडेकडेने बोटं दाबत जाई आणि दर बोटाला विचारी, सात्तूको, सात्तूको. काम अंगाशी आलं की तिची वऱ्हाडी संपे आणि घरची भाषा सुरू होई. माणसाला शब्द कळत नव्हता, पण तो प्रत्येक वेळी बरोबर जागी ओरडत होता.

'राउहास्सा' म्हणजे शांतपणे, गडबड न करता. एका धुऱ्याचे दोन्ही मालक एकाच सकाळी आले, दोन बैलगाड्यांतून. एकाचं डोकं फुटलेलं, दुसऱ्याची पोटरी चिरलेली. ओसरीवर दोन बाकं होती, समोरासमोर. टाके पडत असतानाही दोघं एकमेकांच्या आईबहिणी काढत होते. शेवटी पोटरीवाल्याने अर्ध्या शिवलेल्या पायानेच समोरच्याच्या बाकाला लाथ घातली. दोरा तुटला, रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली. बाई दोघांच्या मध्ये उभी राहिली. "राउहास्सा!" ती एवढ्याने ओरडली की बाहेरचे बैल दचकले. मग वऱ्हाडीत म्हणाली, "आता जो शिवी देईन त्याले जाड सुईनं शिवीन." थोड्या वेळाने डोकंवाला हळूच म्हणाला, "बाई, याले तं जाडच लावा."

एक म्हातारी आली होती, गळपट्टीचं हाड मोडलेली. मुलगा शेजाऱ्यावर धावून गेला तेव्हा ती धुऱ्यावर आडवी पडली होती. आमच्याकडे बायका असं करतात. माणूस आडवा पडला की वखर थांबतो. त्या दिवशी वखर थांबला, दगड थांबला नाही. बाई तिचा हात छातीशी बांधत म्हणत होती, "क्युल्लॅ से सीतॅ, क्युल्लॅ से सीतॅ." म्हातारीने मोकळा हात कपाळाला लावला. "पाह्य व माय, गोरी असून सीतेचं नाव घेते." बाईने मला नंतर सांगितलं, त्याचा अक्षरशः अर्थ 'होय, ते त्यातून' एवढाच होतो. काय होईल, कसं होईल, काही नाही. यातून निघेल काहीतरी वाट, एवढंच. "आमच्याकडे याच्यापेक्षा जास्त धीर कोनी देत नाही," ती म्हणाली. "जास्त देला तं खोटा वाटते."

आणि 'एइ हॅतॅऽ'. हॅतॅ नाही. संकट नाही, घाई नाही, भ्यायचं कारण नाही. हे तिचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं. लेकराला म्हणायची, मांजराला म्हणायची, स्टोव्ह भडकला तरी म्हणायची. पण मोठ्या जखमेवर म्हणायची तेव्हा तिची मूठ त्या माणसाच्या अंगात रुतलेली असायची. जांघेत, काखेत, मानेच्या कडेला, जिथून रक्त येतं त्याच्या वरच्या अंगाला. ती सगळं वजन टाकून दाबायची आणि दाबाच्या ठेक्यावर म्हणायची, एइ हॅतॅऽ, एइ हॅतॅऽ. मी वहीत शब्द लिहिला, समोर अर्थ लिहिला. मुठीसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

कानवाल्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मी त्या वेळी हसत हसत घरी सांगितली होती. दुपारी एक माणूस आला. एका बाजूने डोक्याला फडकं बांधलेलं. चुलत्याने कान चावून तोडला होता.

"कान कुठं आहे?" बाईने विचारलं.

"आहे ना." त्याने फेट्याची गाठ सोडली आणि त्यातून कान काढला. चिंचेच्या बोटकासारखा काळा, वाळलेला.

"केव्हा तुटला?"

"काल सकाळी."

"अन् आज आनला?"

"जमादारानं पाह्यला पाह्यजे ना बाई आधी. ते जेवाले गेले होते, मंग झोपले. मंग रात झाली."

बाईने कान त्याच्या हातात परत दिला. "वाळेल कान शिवून का करू बे? जमादारालेच दे ठेवाले."

माणूस खरोखर विचारात पडला. "मंग कोर्टात लागला तं?"

हे असं सगळ्यांचंच होतं. जखम धुवायची नाही, बांधायची नाही, आधी ठाण्यात दाखवायची. जो आधी पोचला तो फिर्यादी व्हायचा, मागून आला तो आरोपी. म्हणून पलीकडच्या गावांतले लोक जखमी माणसाला गाडीत घालून दवाखान्याच्या दारावरून ठाण्याला नेत. रक्त जितकं ताजं तितकी फिर्याद पक्की. बाई रस्त्यात आडवी उभी राहून गाड्या थांबवी आणि लोक तिला हात जोडून पुढे जात. मला तेव्हा त्या लोकांचं हसू येई. मी शिकलेला होतो.

आमचा धुरा आमच्या आणि काकाच्या शेतांमधला. काकाचा मुलगा किसन आणि माझा भाऊ सखाराम एका वयाचे, एका ताटात जेवलेले. त्या दिवशी मी दवाखान्यातून उन्हाचा घरी आलो. पायांवर पाणीही घेतलं नव्हतं, तोच शेताकडून आरोळी आली. पोचलो तेव्हा भाऊ धुऱ्याला पाठ टेकून बसला होता. उजव्या मांडीत, वरच्या बाजूला, कुऱ्हाडीचा घाव. वहिनीने लुगड्याचा पदर फाडून आवळून बांधला होता. पलीकडे किसन उभा होता, आणि त्याने आमच्या डोळ्यांसमोर एक दगड उचलून स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. एकदा, दोनदा. दुसऱ्या घावाला रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा तो गाडीत चढला. दाखवायला रक्त पाहिजे होतं.

आम्ही भावाला आमच्या गाडीत घातलं. लेकरं घरी एकटी होती. वहिनी माघारी वळताना म्हणाली, "भाऊजी, बाईकडेच न्या. सिध्ये बाईकडे."

"हो," मी म्हटलं.

फाट्यावर रस्ता दोन झाला. डावीकडे कोसभरावर दवाखाना, उजवीकडे त्याहून थोडं लांब ठाणं. उजव्या रस्त्यावर किसनच्या गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती. भाऊ कोपरावर उठला.

"किसन्या ठाण्यात गेला बे. पाह्य, धूळ पाह्य."

"तू पड."

"धुरा गेला समज आता. वरतून मीच आरोपी."

मी वळून पाहिलं. पदराचा डाग पसरत नव्हता. मी सबंध उन्हाळा जखमा पाहिल्या होत्या, मला वाटलं मला कळतं. "एइ हॅतॅऽ," मी म्हणालो.

"हे का बोलून राह्यला?"

"बाईची भाषा आहे. म्हणजे भ्याचं काम नाही."

भाऊ हसला. त्याचे दात लाल नव्हते, ओठ फक्त पांढरे होते. "मंग वळव ना उजवीकडे. तूच लिहजो फिर्याद. तुझ्यासारखं गावात कोनाले लिहता येते?"

हे ऐकून मला बरं वाटलं. मी लपवत नाही. भावाने माझ्या शिक्षणाबद्दल कधी चांगला शब्द काढला नव्हता. मी बैल उजवीकडे वळवले.

ठाण्यात किसन आधीच बसला होता, कपाळाला हात लावून. जमादार म्हणाला, "जखम पाह्यल्याबिगर लिहू कसं? सोडा ते फडकं." मी सोडलं. वहिनीने दातांनी ओढून मारलेली गाठ होती, सुटता सुटेना. जमादाराने वाकून पाहिलं, वीतभर आहे म्हणाला, आणि मास्तर आहात तर तुम्हीच लिहा म्हणून कागद पुढे केला. भावाला पडवीत निजवलं. मी गाठ परत बांधली, माझ्या हाताने, मला जमेल तशी.

मग मी लिहिलं. सावकाश लिहिलं, कारण मी नेहमीच सावकाश लिहितो. आधी 'धुरा' लिहिलं होतं, ते खोडून 'सामाईक बांध' केलं. 'मारले' खोडून 'प्राणघातक हल्ला केला' केलं. भावाने पडवीतून हाक मारली. मी म्हटलं, आलोच. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हाक मारली, पाणी म्हणाला. मी म्हटलं, आलोच, आणि वाक्य पुरं केलं. सही करून बाहेर आलो तेव्हा पडवीच्या फरशीवरून एक काळी धार पायरीपर्यंत गेली होती आणि तिच्या टोकाशी मुंग्या आल्या होत्या.

तिथून दवाखान्यापर्यंत मी बैलांना तुतारीने मारलं नाही, भोसकलं. खिळा काढला की रक्त, पुन्हा खुपसला की रक्त. मी ओरडत होतो; माझा तसला आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. गाडी ओसरीला धडकली. बाई धावत आली, गाडीतच चढली, गुडघा रोवला आणि मूठ भावाच्या जांघेत घातली. दाबत राहिली. घाम तिच्या नाकावरून त्याच्या छातीवर पडत होता. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती म्हणेल म्हणून वाट पाहत होतो. ती काही म्हणाली नाही. खूप वेळाने तिने मूठ काढली.

"काऊन उशीर झाला बे?"

"बैल थकले, बाई."

तिने बैलांकडे पाहिलं. त्यांच्या पुठ्ठ्यांवरून रक्त खुरांपर्यंत आलं होतं. तिने भावाच्या मांडीवरच्या पदराच्या गाठीला हात लावला, गाठ उलटीपालटी करून पाहिली. जखमा शिवायच्या सामानाचं तबक तिच्या हाताशी होतं, ते तिने ओसरीच्या भिंतीवर असं फेकलं की चिमटे अंगणभर उडाले. मग भावाला धुतलं, डोळे मिटले, चादर घातली. आणि मग फडकं ओलं करून बैलांकडे गेली. जखमा पुसत त्यांच्या कानाशी म्हणत होती, "वोइ वोइ. एइ हॅतॅऽ. एइ हॅतॅऽ." मी गाडीच्या साटीला धरून उभा होतो, चार हातांवर. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

बैल थकले, हेच मी गावाला सांगितलं आणि वहिनीलाही. असले बैल दारात ठेवू नयेत, धामणगावच्या बाजारात काढून टाक, असं लोकांनी तिला किती सांगितलं. तिने काढले नाहीत. म्हातारे होऊन तिच्या गोठ्यातच मेले. माझी फिर्याद कोर्टात वाचली गेली. वकील म्हणाला, "वा मास्तर, काय लिहिलंय." किसन शिक्षा भोगून आला, केस पांढरे करून. धुरा होता तिथेच आहे. ऐनाबाई पावसाळा संपताना तिच्या देशात गेली. तिचं एक पत्र आलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नाही. माझ्याजवळ तिच्या भाषेतले जे शब्द होते, ते सगळे दुसऱ्याला धीर देण्याचे होते. स्वतःचा गुन्हा सांगायला लागणारा एकही शब्द मी तिच्याकडून मागून घेतला नव्हता.

अजूनही वर्गात एखादं पोर पडलं, गुडघा फुटला, तर ओठांवर ते दोन शब्द येतात. मी ते गिळतो आणि गुडघ्यावर आधी तळहात दाबतो. पोरं म्हणतात, गुरुजी जोरात दाबतात.

बारा वर्षं मी रोज संध्याकाळी वहिनीच्या ओसरीवर गेलो आणि तिच्या दोन लेकरांचा अभ्यास घेतला. थोरला यंदा ग्रामसेवक झाला. धाकटी मॅट्रिक होऊन सासरी गेली. लोहाराकडून परतलो त्या दिवशी पोस्टात गेलोच नाही, तिच्याकडे गेलो. ती अंगणात बाजेवर सरकी घासत होती. पेरणीआधी सरकी शेणामातीत कालवून बाजेच्या सुतळीवर घासावी लागते, नाहीतर दाण्याला दाणा चिकटून राहतो. मी समोर बसलो, बाह्या सारल्या आणि घासू लागलो.

मी सांगितलं. फाटा, धूळ, उजवा रस्ता. गाठ सोडली ते. दोन हाका. खोडलेले शब्दसुद्धा सांगितले. सांगताना माझे हात चालू होते आणि तिचेही. सुतळीतून सरकी खाली टपटपत होती.

"अन् बैल थकले नव्हते," मी शेवटी म्हटलं.

"मले माहीत आहे."

मी थांबलो.

"तुम्ही त्याईले घेऊन आले ना दारात, तवाच पाह्यलं मी. हात रगतानं भरेल होते तुमचे, कोपरापावतर. पन मंधातल्या बोटाले शाई होती." तिने शेणाचा गोळा फोडला. "दवाखान्यात कोन शाई लावते, भाऊजी?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलली असती तं तुम्ही येनं बंद केलं असतं. लेकरं कोनी शिकवली असती मंग? किसन्यानं?"

अंगणात ऊन होतं. तिचा आवाज चढला नव्हता. मूठभर सरकी तिने सुतळीवर दाबून फिरवली, दाणे एकेक करून सुटे झाले.

"शिकली आता ते," ती म्हणाली. "आता येत नका जाऊ."

मी हात तसेच ठेवून बसलो होतो.

"जा," ती म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातली सरकी दोन्ही हातांनी आपल्या बाजूला ओढून घेतली.